साक्षीआधीच्या भाकरीला आकडा न्हाई

तात्या, तुमी जिथं मुन्शी होतात त्याच कचेरीत आता तुमची पणती, माझी नात, बसते. अंबाजोगाईतलेच ते वकील, म्हणजे थोरले गेले, आता त्यांचा पोरगा हाय. पोरीपुढं कंपुटर! मी पेढे घेऊन बघायला गेलते. बघण्यातच एवढी गुंगले की पेढे वाटायचे राहिले, तसेच घरी आणले.

काम गमतीचं हाय. त्यांची मोठी अशील म्हणजे मुंबईची एक ट्रकवाली कंपनी, आता परदेशातल्या गोऱ्यांच्या भागीदारीतली. वकिलानं बिल कसं करायचं तेही तीच ठरवून देते. एकेका कामाला यादीत एकेक आकडा नेमलेला. अर्ज लिहिला, त्याचा एक आकडा. तारखेला उभं राहिलं, दुसरा. झेरॉक्सचा वेगळा, जीपभाड्याचा वेगळा. आकडा न्हाई ते काम बिलात बसत न्हाई, आणि वकीलसाहेब म्हणतात, "बिलात बसत न्हाई ते करायचंच न्हाई." मी हसत पोरीला विचारलं, "अगं, साक्षीच्या आदल्या सांजेला साक्षीदाराच्या घरी जाऊन त्याच्यासंगं भाकरी खायची, त्याचा आकडा कोणता?" तुमी जायचात न्हवं सायकलवर, वाऱ्यापावसात. पोरगी हसली न्हाई. "त्याला आकडा न्हाई आजी. मी सगळी यादी बघितली."

आज दिवेलागणीला दारात एक म्हातारा उभा. त्याच कंपनीचा ड्रायव्हर. परळीच्या रस्त्यावर त्याच्या ट्रकखाली माणूस गेला. ब्रेक लागत न्हाईत हे त्यानं कंपनीला आधीच सांगितलं होतं म्हणे. उद्या त्याची साक्ष. घाबरून एक शब्द इकडचा तिकडं झाला की सगळं त्याच्याच गळ्यात.

"क्लीनर होतो तवा एका साक्षीला मुन्शीजी माझ्या घरी आलते," म्हणाला. "ते न्हाईत, ठावं हाय मला. पर या खेपेला कुणीच का बरं आलं न्हाई, बाई?"

पोरीनं त्याला ओसरीवर बसवलं. मी चुलीवर तवा ठेवला, पीठ मळायला घेतलं, आणि तात्या, तेव्हा मनात आलं. येवढी लांब यादी करणारे झेरॉक्स विसरले न्हाईत, मग हेच कसं विसरले? विसरले नसतीलच. ड्रायव्हर घाबरलेलाच बरा की त्यांना.

त्यानं भाकरी कुस्करली, खाल्ली न्हाई. आता मी काही सांगंन म्हणून माझ्याकडं बघत राहिला. जेवताना तुमी त्या लोकांना काय सांगायचात, तात्या? जन्मभर मुन्शीची लेक म्हणून मिरवले, पण ते कधी विचारलंच न्हाई. हा कागद कुठं धाडू, परातीखाली ठेवते. म्हातारा अजून ओसरीवर बसून हाय.