एकटीची आंघोळ, दोघींचं बिल

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा अर्धीच वाकले असं समजा.) गुडघे कसे आहेत? चार दिवस म्हणून लेकीकडे गेलात त्याला पाच महिने होत आले, म्हणजे तिकडची हवा मानवलेली दिसते. इकडे सगळं ठीक. मी, शिलाई मशीन आणि भिंतीवरच्या फोटोतले तुमचे बंधू, असे तिघं मजेत आहोत. त्यातलं बोलतं फक्त मशीन.

पत्राला कारण विजेचं बिल. खोटं कशाला बोलू, तुम्ही गेलात तेव्हा मनात म्हटलं होतं, आता गरम पाण्याचा खर्च निम्म्यावर येणार. तुम्ही शॉवरखाली उभ्या राहिलात की बाहेर माझी अख्ख्या शर्टाची काजं करून व्हायची. (रागावू नका, मापं घेणं हा माझा धंदाच.) पण बिल आलं ते जवळजवळ पहिल्याएवढंच! एकटीच्या अंगाला एवढं पाणी लागतं कुठे, म्हणून छडा लावायचं ठरवलं.

आधी शॉवरखाली बादली ठेवली आणि ती किती वेळात भरते ते बघायला स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून बाथरूमच्या खिडकीत ठेवलं. वाफेनं चष्मा धुरकटला. चष्मा घातला तर घड्याळ दिसेना, काढला तर काटे दिसेनात. या झटापटीत मी कपड्यांसकट भिजले आणि घड्याळ बादलीत पडलं. तेव्हापासून स्वयंपाकघरात कायम सव्वानऊ वाजलेले असतात. (वाजेनात का, जेवायला कुणाची वाट बघायचीय?)

मग काटकसर सुरू केली. साबण लावताना पाणी बंद ठेवायचं. डोळे मिटून नळ चाचपला, तो नेमका गार पाण्याचा लागला. अशी किंचाळले की खालचे मास्तर काठी घेऊन वर धावले. त्यांच्याकडे आपली किल्ली असते म्हणून बरं. बाथरूमला मात्र आतून कडी. (घरात एकटी असते तरी लावते. कुणापासून ते विचारू नका.) "वहिनी, चोर शिरलाय का?" "नाही हो मास्तर, काटकसर शिरलीय!" त्यावर ते बाहेरून खूप हसले, तब्येतीची चौकशी केली आणि गेले. वन्सं, त्या आठवड्यात माझं कुणाशी झालेलं तेवढंच बोलणं, तेही बंद दाराआडून.

पुढे दुकानदाराच्या सांगण्यावरून बारीक भोकांचा शॉवर आणला. इस्त्रीआधी कापडावर शिंपडतो ना, तेवढंच पाणी. साबण निघेपर्यंत दुप्पट वेळ उभं राहायचं. आगीतून फुफाट्यात!

परवा पुन्हा बादली लावली तेव्हा कुठे उलगडा झाला. गरम पाणी यायच्या आधी जवळजवळ बादलीभर गारच येतं. हीटर गच्चीत, त्यामुळे एवढ्या लांबच्या पाईपातलं थांबलेलं पाणी आधी निघून जावं लागतं. शिवाय टाकी दोघींसाठी तापते तशीच एकटीसाठीही तापते. इतकी वर्षं आधी आंघोळ तुमची आणि पाठोपाठ माझी, म्हणून मला कायम आयतं गरम मिळालं. गार पाणी जाईपर्यंत तुम्ही कुडकुडत उभ्या असायचात आणि मी बाहेर काजं मोजत बसायचे. एका शब्दानं बोलला नाहीत. एकटीनं राहणं महाग पडतं हो, आणि त्यातलं बिलात फार थोडं येतं.

असो. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. जुना शॉवर परत बसवलाय.

ता. क. २. तुमच्या पलंगावर मी कापडाचे गठ्ठे ठेवले होते, ते काल उचलले. सहजच, धूळ बसत होती म्हणून.

ता. क. ३. धूळबीळ काही नव्हती. घर फार गप्प झालंय. परत या ना. आंघोळीला आधी मी जाईन.