भीमनगरची खेप

११ मार्च, सोमवार. आमदार निवास, सकाळी.
अधिवेशन आजपासून. रोजनिशीही आजपासून. मोठी माणसं लिहायची, आणि मी आता त्याच वाटेला लागलो आहे. निश्चय: रोज पाचला उठणे, कँटीनचे वडे बंद, आणि पाणीपुरवठा मंत्र्याला भर सभागृहात घाम फोडणे. (आज सातला उठलो. बीडहून प्रवास, शीण असतोच.)
माझा तारांकित प्रश्न स्वीकारला गेला! निवडून आल्यापासूनचा पहिलाच. 'खडकटाकळी येथील भीमनगर वस्तीला जानेवारीपासून टँकरची खेप मिळत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?' टाइप केला पीए राधाकिशनने, पण त्यातली आग माझी.

१२ मार्च.
विषय डोक्यात पक्का राहावा म्हणून लिहून ठेवतो. गावाला सरकारी टँकरच्या रोज दोन खेपा मंजूर. एक मारुतीपुढच्या विहिरीत, दुसरी भीमनगरला. विहिरीची येते. भीमनगरची जानेवारीपासून गायब. तिथल्या बाया खदानीत उतरून झिरा खरडून वाटीवाटीनं पाणी भरतात. वस्तीतल्या मुक्ताबाईची सून तिथंच घसरली, हात मोडला. पोरगी दोन जिवांची आहे. मुक्ताबाईला मी शब्द दिलाय की मंत्री उत्तर देईल आणि पाणी येईल. पुढच्या निवडणुकीत भीमनगर काय करेल, हा विचार माझ्या मनातसुद्धा नाही.
सरकार झोपलंय, दुसरं काय. माझंच उदाहरण घ्या. जानेवारीत आमच्या दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रात कॅन धुवायला थेंब नव्हता. चेअरमन या नात्याने मी अर्जविनंत्या करत बसलो का? टँकरवाल्या शहादेवला एक फोन लावला. म्हटलं, रोज एक खेप फाट्यावर आपल्याकडं टाकत जा. दुसऱ्या दिवशी पाणी हजर. याला म्हणतात प्रशासन. मंत्र्याला एवढं का जमू नये?

१४ मार्च.
उद्याच्या यादीत माझा प्रश्न तिसरा! आरशासमोर उपप्रश्नाचा सराव केला. 'मंत्रिमहोदय, हे पाणी मुरतंय कुठं?' इथं बोट वर करायचं. बोट कपाटाला लागलं. शेजारच्या खोलीतल्या आमदारांनी भिंत बडवली. मत्सर.
गावाला निरोप दिला, ग्रामपंचायतीत टीव्ही लावा, उद्या अकराला बघा. वडे दोन. घसा कोरडा पडू नये म्हणून.

१५ मार्च, शुक्रवार.
धुमाकूळ घातला. सकाळी प्रतोदांचा आदेश आला की आज कामकाज चालू द्यायचं नाही. कुठल्याशा मंत्र्याने कुठेतरी काहीतरी बोलून ठेवलंय. पक्षशिस्त म्हणजे शिस्त. अध्यक्षांपुढच्या हौद्यात पहिला उतरलो तो मी.
अध्यक्षांनी पहिला प्रश्न पुकारला, आम्ही घोषणा दिल्या. दुसरा पुकारला, घोषणा. तिसऱ्याला त्यांनी म्हणे माझं नाव घेतलं, दोनदा घेतलं. पण त्या वेळी सभागृहात सगळ्यात वरचा आवाज माझाच होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. गॅलरीतून राधाकिशन दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय. मी आणखी जोर लावला. प्रश्नोत्तराचा तास तहकूब झाला.
प्रतोदांनी पाठ थोपटली. संध्याकाळी मुक्ताबाईचा फोन. म्हणाली, आबा, टीवीवर दिसलात, लई वरडत होता. पर ते सायेब तुमचंच नाव घिऊन इचारत होते, तवा तुमी कावून बोलला न्हाईत? तिला संसदीय डावपेच समजावून सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंजी पाणी न्हाई.
अडाणी माणसाला लोकशाही समजावणं अवघड आहे. वडे चार.

१८ मार्च.
राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली. माझ्या प्रश्नाचं उत्तर: 'हे खरे नाही. सदर वस्तीस दररोज एक खेप नियमित सुरू आहे. कारणांचा प्रश्न उद्भवत नाही.'
मुक्ताबाईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं विचारलं, प्रश्न उद्भवत न्हाई मंजी काय वो? मी सांगितलं, मोठ्या माणसाला उत्तर द्यायचं नसलं की तो असं म्हणतो. ती म्हणाली, बरं हाय की. आन सुनंला काय सांगू?
या निगरगट्ट सरकारपुढे कपाळ आपटायची वेळ आली आहे! पण मी वकिलासारखा विचार केला. नोंदीप्रमाणे खेप रोज निघते. वस्तीवर पोचत नाही. म्हणजे मध्येच कुणीतरी हरामखोर टँकर रिकामा करून घेतोय. या चोराला मी जगासमोर उघडा पाडीन. लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोललो.

२४ मार्च, रविवार. घरी.
बायकोला, सत्यभामेला, चोराबद्दल सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, आवो, शहादेवलाच इचारा की, टँकर तर त्योच चालवतोय. बायकांची दृष्टी चुलीपुरती. गरीब ड्रायव्हरला धमकावून धोरण बदलत नसतं. पाळंमुळं वर असतात. आपली लढाई मुंबईत आहे, फाट्यावर नाही.
दुपारी संस्थेत चक्कर. हौद काठोकाठ भरलेला, कॅन चकचकीत. समाधान वाटलं. निदान आपण तरी काहीतरी करून दाखवलं.

२ एप्रिल, मंगळवार.
ऐतिहासिक दिवस. माझी लक्षवेधी सूचना लागली! या वेळी आमच्याकडून गोंधळ नव्हता. (प्रतोदांना सकाळीच हात जोडले होते.) मंत्र्याने तेच रडगाणं गायलं, खेप नियमित आहे. मी उसळलो. म्हटलं, मुक्ताबाईच्या सुनेचा हात नियमित मोडला का? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.
मग मंत्री म्हणाला, सन्माननीय सदस्यांनी स्वतः तहसीलदारांना घेऊन त्या टँकरच्या मागे जावं, पाणी कुठे जातं ते डोळ्यांनी बघावं. जो सापडेल त्याच्यावर कारवाई करू. मी म्हणालो, कितीही मोठा असो? तो म्हणाला, कितीही मोठा असो. बाकं वाजली. दोन्ही बाजूंनी वाजली! मंत्र्याला घाम मात्र फुटला नाही. सभागृहात एसी फार असतो.

५ एप्रिल.
उद्या धाड. तयारी जय्यत. वार्ताहराला कॅमेऱ्यासह बोलावलं आहे. मुक्ताबाईला निरोप गेला की वस्तीतल्या बायांना घेऊन टेम्पोत ये, चोर तुमच्यासमोरच धरायचा. शहादेवला काही कळू दिलेलं नाही.
माझा ड्रायव्हर भारत, याला जरा बुद्धी कमी. त्याला बजावलं, टँकर जिथं जाईल तिथं आपली गाडी मागं. थांबायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही. मी सांगितलं तरी नाही! चोर मोठा असला तर ऐन वेळी माझ्यावरही दबाव येऊ शकतो. भारत म्हणाला, जी आबा.

६ एप्रिल, शनिवार. सकाळी.
निघतोय. खादीचा नवा झब्बा. आज खडकटाकळीच्या इतिहासात काहीतरी घडणार.

६ एप्रिल. संध्याकाळी.
लिहावंसं वाटत नाही. पण निश्चय तो निश्चय.
टँकर भरला, निघाला. मागे माझी गाडी, मग तहसीलदारांची जीप, मग बायांचा टेम्पो, शेवटी वार्ताहराची मोटारसायकल. पहिली खेप मारुतीपुढच्या विहिरीत पडली, बरोबर. टँकर परत जाऊन भरून आला. आम्ही मागे होतोच. फाटा आला. भीमनगर डावीकडे. टँकर उजवीकडे वळला. मी ओरडलो, धरा! वार्ताहराने कॅमेरा काढला.
टँकर एका फाटकातून आत गेला. फाटकावर बोर्ड. बोर्डवर माझा फोटो, हात जोडलेला.
गाडी पूर्ण थांबायच्या आधीच मी खाली उतरलो. कशासाठी ते आता आठवत नाही. शहादेवने केबिनमधून मुंडकं बाहेर काढलं, मला पाहून खूश झाला. म्हणाला, आबा, आज तुमी सोता? रोजच्यावानी हौदातच सोडू ना?
तहसीलदार बुटांकडे बघत राहिले. वार्ताहर बघत नव्हता, तो शूटिंग करत होता.
मी म्हणालो, हे अंशतः खरे आहे. म्हणालो, संस्थेचं पाणी म्हणजे शेवटी सभासदांचंच पाणी. भीमनगरचे सभासद किती, ते मात्र कुणी विचारलं नाही ते बरं झालं. एकही नाही.
मुक्ताबाई टेम्पोतून उतरून समोर आली. मला वाटलं शिव्या देईल. मंत्र्यासाठी मी इतके उपप्रश्न पाठ केले होते. तिनं एकच विचारला. कावून, आबा?
माझ्या तोंडून आपोआप निघालं, माहिती घेण्यात येत आहे.
ती म्हणाली, घ्या. मग शहादेवकडे वळली. चल रं भाऊ, भीमनगरला. आणि त्याच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसली. शहादेवने माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डकडे पाहिलं. टँकर वळला. मागे तहसीलदारांची जीप, बायांचा टेम्पो, वार्ताहराची मोटारसायकल. आणि त्यांच्या मागे माझी गाडी. मी हात केला, हाक मारली, धावलोही थोडा. भारतने आरशात बघितलंसुद्धा. थांबला नाही.
घरापर्यंत उन्हातून चालत आलो. वाटेत फार राग आला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. संस्थेचा हौद उद्या कोरडा पडणार, याबद्दल सरकारला जाब विचारायला हवा.
सत्यभामा दारातच होती. पायांवरच्या धुळीकडे बघून तिनं विचारलं, आवो, गाडी कुटं हाय? पायी कावून आलात?
म्हटलं, प्रश्न उद्भवत नाही.