टाकीतलं पाणी

३ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादांची गाडी फुरंगटून बसली आहे. किल्ली फिरवली की स्टार्टर गरगर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. मला लांबच्या दवाखान्यात काम लागलंय, तिकडे बस जात नाही, म्हणून हा खटाटोप. दादा ती तळ्याकाठच्या रस्त्यावर ठेवून नाहीसे झाले, त्याला वर्ष होत आलं. पोलिसांनी आणून शेडमध्ये लावली, ती तशीच होती; आता नवी बॅटरी तेवढी बसवून घेतली.

लोकांचं ठरलेलंच आहे, दुसरीचा हात धरून गेले. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, आता गाडीनंही तुमच्याकडे पाठ फिरवली. मी तिथे हसले. घरी येऊन रडले.

तुमचं अर्धं आयुष्य गॅरेजात गेलं. पत्रातून दुखणं ओळखा पाहू!

लोभ आहे हे ठाऊक आहे, तो उत्तरात दिसू दे.

तुमची वहिनी

९ मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

‘सौ.’ पाकिटावरही ठळक लिहिलंय. वाचू देत कोणाला वाचायचं ते.

स्टार्टर जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. आधी ठिणगी बघा. एक प्लग काढून त्याच्या वायरला जोडा, रबरी मुठीच्या पकडीनं धरून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि शिंपीणबाईंना किल्ली फिरवायला सांगा. निळी ठिणगी उडाली तर प्लग परत बसवा. मग कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून काचेच्या बाटलीत धरा, पेट्रोल येतं का पाहा. जवळपास विस्तव नको. तुमच्या हातून दूधसुद्धा उतू जातं, म्हणून बजावतो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या.

आपला धाकटा दीर

१५ मार्च

चि. भाऊजींस अ. आ.

ठिणगी निळीशार उडाली. शिंपीणबाई त्याहून जास्त उडाल्या. बाटलीत मात्र वर बोटभर पेट्रोल आणि खाली पाणी. हिरवट, तळ्याच्या वासाचं. त्यात शेवाळाची तार आणि एक इवलीशी गोगलगाय. जिवंत.

गाडी तर रस्त्यावर सापडली होती, आतल्या चटया कोरड्या ठणठणीत. मी टाकी रिकामी करून घेतली, नवं पेट्रोल भरलं, झाकणाला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. गाडीनं लगेच पकडलं. दोन दिवस कामावर गेले. आज सकाळी पुन्हा तेच. बाटलीत तेच पाणी. कुलूप जसंच्या तसं, शेडची जमीन कोरडी.

भाऊजी, हे कुठलं दुखणं?

मायेनं लिहा, पण लवकर लिहा.

तुमची वहिनी

२१ मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न.

जुन्या टाकीत दमट हवेचं पाणी साठतं, पण ते थेंबभर. त्यात गोगलगाय जन्मत नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या हातातला पाना सारखा निसटतोय.

इथल्या चौकीतून तिकडच्या पोलिसांना विचारून घेतलं. गाडी कोरडी होती आणि गावात बोलवा होती, म्हणून तळ्यात कोणी पाहिलंच नव्हतं. आता हट्ट धरून पाणबुडे मिळवलेत. त्यांना घेऊन येतो. तोवर शेडमध्ये एकट्या जाऊ नका.

दीर

५ एप्रिल

चि. भाऊजींस अ. आ.

सुखरूप पोचलात, बरं वाटलं. त्या दिवशी पाणबुड्यानं हात वर केला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पाहायला हवं होतं. मनगटावरच्या घड्याळावरून मी तुमच्या दादांना ओळखलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. उकाड्यात डुंबायला उतरले, पाय कपारीत अडकला. एवढंच. ते कुठे गेले नव्हते हो. तिथेच होते.

शिंपीणबाई दारात येऊन खालमानेनं उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं.

टाकी तेव्हापासून स्वच्छ आहे. काल तळ्याकाठच्या रस्त्यानंच कामावर गेले. दवाखान्यापाशी उतरताना पाहिलं, तर शेजारची सीट ओली. कोणी बसून उठावं, तेवढीच.

मी पुसली नाही. येताना गाडी जरा सावकाश चालवली.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी