लेफ्टनंट सुभद्राचा अपवाद

३ जानेवारी १९७८
यंदाचे संकल्प : साखर कमी. चिडचिड बंद. आणि खांद्यावर दोन स्टार असतानाही मला नुसतं 'सिस्टर' म्हणणाऱ्या जवानांना सॅल्यूट शिकवायचा. उद्यापासून.

४ जानेवारी
लष्करी दवाखान्याच्या गेटवर शिपायानं कडक सॅल्यूट ठोकला. मी झोकात परत केला. मागून कॅप्टन डॉक्टर येत होते. असो. हात माझ्याच दिशेनं वर गेला होता.

२० फेब्रुवारी. रजेवर, कमठाणा
भालकीचे मास्तर ज्ञानोबा बघायला आले. गणित शिकवतात. मला पसंत. लग्न केलं की नर्सला फौज सोडावी लागते, हे त्यांना आधीच सांगितलं. अप्पा घाबरले. "नोकरी गेल्यावर कसं करावं गं? आख्ख्या कमठाण्यात तूच एक ऑफिसर हायस." मी समजावलं, असले नियम सर्वसाधारण नर्सेससाठी असतात. माझं रेकॉर्ड बघतील की.

६ मार्च
अर्ज दिला : लग्नाला परवानगी, नोकरी चालू. मेट्रनबाईंनी चष्मा काढला. पन्नाशीच्या आहेत, एकट्या. म्हणाल्या, "माझ्यासाठीही एकजण थांबला होता. मी अर्ज केला नाही, म्हणून या खुर्चीत आहे." बिचाऱ्या. धाडस कमी पडलं.

१ एप्रिल
कॅप्टन डॉक्टरांचं लग्न झालं. मेसमध्ये पार्टी, चांदीचा ट्रे, लगोलग फॅमिली क्वार्टर. शुभशकुन! लग्नाच्या बाबतीत फौजेचं मन केवढं मोठं आहे, ते दिसलं.

१८ एप्रिल
उत्तर नाही. म्हणजे वर विचार चालू आहे. ज्ञानोबांना कळवलं, तारीख धरा.

१४ मे. कमठाणा
लग्न झालं. बुद्धवंदना चालू असताना दोनदा दाराकडे बघितलं, पोस्टमन आला की काय म्हणून. सासूबाईंना वाटलं, मी लाजतेय.

९ जून
ड्यूटीवर परतले. टेबलावर ऑर्डर. सेवा समाप्त, कारण विवाह. रेकॉर्डबद्दल एक शब्द नाही. घाईत टाइप केली असणार. अपील करणार.
वॉर्डात हुमनाबादचा बंडेप्पा आहे, पाय गेलेला. त्याची पट्टी दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही. म्हणाला, "अक्का, उद्या कोन बांधनार?" मी येतेच परत, म्हटलं. हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

२ सप्टेंबर. भालकी
अपील फेटाळलं. हे म्हणाले, "झालं ते झालं. आता घराकडं बघ की. कामून जीव जाळून घ्यायलीस?" प्रेमानंच म्हणतात. युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून ठेवला. लागेल.

७ डिसेंबर. बिदर
माजी सैनिकांचा मेळावा. पहिल्या रांगेत बसायचं ठरवूनच गेले. नावं लिहून घेण्याच्या टेबलावरच्या सुभेदारसाहेबांनी विचारलं, "बाई, मालक कोणत्या पलटणीत होते?" म्हटलं, मालक भालकीला गणित शिकवतात, फौजेत मी होते. ते हसले. मग मी हसत नाही हे बघून, मागे बायकांत बसा, चहा येईल म्हणाले.
बसले. शेजारी औरादच्या चांगुणाबाई होत्या, नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचेबी तिकडंच गेले का, अक्का?"
सांगायला तोंड उघडलं. चहा आला.
व्हय, म्हटलं.