आयलंड बेचं स्थळ

बुधवार, १२ फेब्रुवारी. अप्पर हट, वेलिंग्टनजवळ

चष्मा सापडला. फ्रीजमध्ये! श्रिया हसून हसून जमिनीवर लोळली. "आजी, यू आर सो फनी!" आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत. मला तिचं इंग्रजी अर्धं कळतं. छान चाललंय आमचं.

येऊन तीन आठवडे झाले. शार्दूलचं हे घर फोनवर इतक्यांदा पाहिलं होतं, तरी स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे हे इथे येऊन कळलं. सकाळी ओट्यावर ऊन येतं. तो कधी बोलला नव्हता.

साडेतीन वर्षं झाली. डोक्यात रक्तस्राव, दोन दिवसांत सगळं आटोपलं. एकुलता एक. तेव्हा करोना, इथल्या सीमा बंद. आम्ही दोघांनी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून त्याला निरोप दिला. मध्येच नेट गेलं — चार मिनिटं. तेव्हाच हे म्हणाले, "त्या देशात मी पाऊल ठेवणार नाही." तिकीट काढतानाही तेच. मग मी एकटी आले.

शुक्रवार, १४

निवेदिता म्हणाली, "आई, रविवारी मस्त सुट्टी घालवू. समुद्रावर." वेलिंग्टनच्या पार दक्षिणेला आयलंड बे म्हणून गाव आहे — गाव कसलं, शहराचाच भाग. फार वर्षांपूर्वी इटलीचे कोळी येऊन तिथे राहिले. त्यांचा बोटींचा सण आहे. "आपल्या नारळी पौर्णिमेसारखं समजा." तिच्या ऑफिसातला मित्र विन्स तिथलाच. त्याच्या आईने आपल्याला जेवायला बोलावलंय.

"मी मासे खात नाही ते सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगितलंय. वांगी करणार आहेत."

सून चांगली आहे माझी. तिला माहेर असं उरलेलं नाही. आई लहानपणी गेली, वडील लग्नानंतर दोन वर्षांनी. शार्दूल गेल्यावर आम्ही म्हटलं होतं, परत ये. श्रियाची शाळा, नोकरी… नाही आली. एकटीने निभावलं सगळं.

रविवार, १६

पाय दुखताहेत, नाक उन्हाने लाल झालंय, पण आजचं आजच लिहायला हवं.

काय तो वारा! साडीवर स्वेटर, स्वेटरवर निवेदिताचं जॅकेट, तरी पदर झेंड्यासारखा. पण पाणी — असं निळं मी कोकणात पाहिलं नाही. मधोमध खडकाळ बेट. बोटींना या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका. काठावर बँड, आइस्क्रीम, पोरं, कुत्री. श्रिया टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून थेट पाण्यात. मी साडी उचलून घोट्यापर्यंत गेले आणि ओरडले. बर्फ! शेजारच्या एक गोऱ्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या.

विन्स भेटला. चाळिशी ओलांडलेला, उंच, कानामागे पांढरे केस. शहराच्या पाण्याच्या पाइपांचं काम बघतो. बायको सोडून गेली म्हणे पाच-सहा वर्षांपूर्वी, मूलबाळ नाही. मला "नमस्कार आजी" म्हणाला. 'जी' अगदी व्यवस्थित! श्रियाने शिकवलं असणार.

मग पाद्रीबाबा बोटीत चढले आणि एकेका बोटीवर पाणी शिंपडत गेले. आपल्याकडे दर्भाने शिंपडतात, तस्सं. नंतर समुद्रात गेलेल्यांची नावं वाचली. एकदम सगळे गप्प. बँडसुद्धा. विन्सच्या आई माझ्या शेजारी उभ्या होत्या — कॉन्चेत्ता, एक्क्याऐंशीच्या, माझ्या खांद्याएवढ्या. एका नावाला त्यांनी माझं मनगट धरलं. भाऊ होता त्यांचा, नंतर कळलं.

लोक पाण्यात फुलं सोडत होते. श्रियाने विन्सचा शर्ट ओढला. "कॅन आय डू वन फॉर पापा? ही वॉझन्ट अ फिशरमन दो." तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, "आजीला विचार. तिचा मुलगा आहे तो." — आहे म्हणाला. होता नाही. मी मान हलवली. आम्ही दोघींनी मिळून एक पिवळं फूल सोडलं. मला नीट निरोप देता आला नव्हता, तो आज असा, परक्या लोकांच्या सणात दिला. रडले. कोणी थांबवलं नाही.

जेवण त्यांच्या घरी. समुद्रकाठच्या बागेमागची गल्ली, दारात अंजिराचं झाड. वांग्यांवर चीज आणि टोमॅटो, चव अप्रतिम. कॉन्चेत्ताबाई विसाव्या वर्षी लग्न होऊन बोटीने आल्या. साठ वर्षं झाली, इंग्रजी माझ्याएवढंच! आमचं मस्त जमलं. माझ्या नावाचं त्यांच्या तोंडी "सुल्बा" होतं.

आता खरी गोष्ट. निघताना निवेदिता पायातली वाळू झटकत होती. एका पायावर उभी. तिने न बघता हात मागे केला. आणि त्याने न बघता तिची जँडल — सपातेला इथे तसं म्हणतात — त्या हातात दिली.

बस, एवढंच. पण चाळीस वर्षं संसार केलाय मी.

घरी येईपर्यंत गाडीत डोळे मिटून बसले. वाऱ्याने डोकं धरलंय म्हटलं.

मंगळवार, १८

निवेदिता स्वतःच बोलली. चहा टाकता टाकता, पाठ करून. "आई, तुमच्या लक्षात आलंय. नाताळात त्याने विचारलं मला. मी नाही म्हटलं. काळजी करू नका."

"का नाही म्हटलंस?"

"या घरात शार्दूल आहे. तुम्ही आहात. बाबांना काय तोंड दाखवू?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "दूध उतू जाईल." आणि गॅस बंद केला.

इथे तरी खरं लिहिते. मला राग आला होता. ज्या ओट्यावर माझा मुलगा उभा राहायचा तिथे दुसरा कोणी! आणि तिने नाही म्हटलं हे ऐकून बरं वाटलं. हो. बरं वाटलं.

बुधवार, १९

भाजी खारट झाली. दोघींनी दह्यात कालवून खाल्ली.

शनिवार, २२

श्रियाला तिचा जुना स्कार्फ हवा होता, म्हणून आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. शार्दूलचे शर्ट. अकरा. ओळीने टांगलेले, एकेकाला इस्त्री, कॉलर ताठ. साडेतीन वर्षांत धुळीचा कण नाही, कुबट वास नाही.

"ममा वॉशेस देम," श्रिया म्हणाली. "एव्हरी मंथ. सो दे डोन्ट स्मेल ओल्ड. देन शी आयर्न्स अँड पुट्स देम बॅक. आय डू द बटन्स."

दर महिन्याला! छत्तीस वर्षांची पोर. दिवसभर नोकरी, मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, आणि महिन्यातून एकदा कोणी न घालायचे अकरा शर्ट.

कपाटाशीच बसून राहिले. पुण्यात आम्ही म्हणायचो, ती लागली कामाला, बरं झालं, सावरली. मी आई असून त्याच्यासाठी इतकं केलेलं नाही. आणि मंगळवारी मला बरं वाटलं होतं! लाज वाटते.

सोमवार, २४

ठरलं. तिला सांगणार नाही, ती जाऊ देणार नाही.

बुधवार, २६. महाशिवरात्र

गेले! एकटी!

श्रियाला शाळेत सोडलं. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून राजगिऱ्याच्या वड्या काल केल्या होत्या, आणि इंडियन दुकानातला नारळ. अप्पर हटहून ट्रेन. डब्यात तपासनीस पोरगी आली, "किआ ओरा!" इथला नमस्कार. मीही "किआ ओरा" म्हटलं. फार गोड हसली. वेलिंग्टनला उतरून एक नंबरची बस. ड्रायव्हरला विचारलं, "आयलंड बे, सी?" तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे हो, "शेवटपर्यंत बसून राहा." बसले. नारळ मांडीवर.

आयुष्यात स्थळ घेऊन कोणाच्या दारी गेले नव्हते. मुलाकडची ना मी! लोक आमच्याकडे यायचे. आज कळलं दाराबाहेर उभं राहणं काय असतं. दोनदा बेलपर्यंत हात नेला.

कॉन्चेत्ताबाईंनी दार उघडलं, पीठ लागलेले हात. आत ओढलं. लगेच ताटली! उपास इंग्रजीत कसा सांगायचा? हात जोडले, वर दाखवलं, पोटावर हात ठेवून नाही-नाही केलं. त्यांना ताबडतोब समजलं. त्यांचाही उपासाचा महिना आता येतोय. ताटली उचलली आणि झाडाची अंजिरं आणून ठेवली. सासवडच्या अंजिरांहून लहान, पण गोड.

मग मी बोलले. ट्रेनमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "निवेदिता, माय डॉटर. युवर सन — आस्क अगेन."

बाईंनी अंजिरांची ताटली बाजूला सारली. मग हळू म्हणाल्या, "सुल्बा. युवर बॉय… यू डोन्ट माइंड?"

खोटं बोलता आलं असतं. "आय माइंड," मी म्हटलं. "येस. व्हेरी मच. स्टिल, आस्क."

त्यांनी पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं. दोघी रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि फोन उचलून इटालियनमध्ये असं काही ओरडल्या की वीस मिनिटांत विन्स दारात! नारिंगी जॅकेट, चिखलाचे बूट. घाबरलेला. त्याला वाटलं आईला काही झालं. बूट बाहेर काढून आला, मोज्यांवर. एका अंगठ्याला भोक.

आईने सगळं सांगितलं. तो माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. "ती पुन्हा नाही म्हणाली तर?"

"देन यू कम फॉर टी," मी म्हटलं. "टी इज नॉट मॅरेज."

त्याने स्टेशनवर सोडलं. मी उतरताना म्हणाला, "शार्दूलबद्दल मला सांगाल का कधी? ती सांगत नाही. मी विचारत नाही."

सांगेन म्हटलं.

गुरुवार, २७

निवेदिता रागावली. चांगलीच! "आई, माझं स्थळ घेऊन गेलात? नारळ घेऊन? न विचारता? मी छत्तीस वर्षांची आहे!"

बरोबर आहे तिचं. माफी मागितली. तिने भांडी आपटली. मग पाठमोरीच म्हणाली, "नारळ खरंच नेलात?" आणि हसायला लागली. हसता हसता ओट्याला धरून खाली बसली, मीही शेजारी बसले. गुडघा कडकन वाजला.

मग तिने विचारलं: "शर्टांचं काय करू, आई?"

"पाच तू ठेव. बाकीचे मी नेते. आता धुणं माझ्याकडे."

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. शार्दूल होता ती सात वर्षं, नंतरची धरून जवळजवळ अकरा वर्षं सून म्हणून ओळखते हिला. कधी तिच्या केसांवरून हात फिरवला नव्हता. पांढरे आलेत कानापाशी.

शुक्रवार, २८

ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं — बोटी, शर्ट, नारळ, विन्स. एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हटलं, "ऐकताय ना?" ह्यांनी फोन ठेवून दिला.

शनिवार, १ मार्च

फोन उचलत नाहीत. शेजारच्या सुचित्राला बघायला पाठवलं. बरे आहेत, गॅलरीत बसलेत, चहा नको म्हणाले.

रविवार, २

विन्स आला. निवेदिता आणि तो श्रियाला घेऊन नदीकाठी चालायला गेले. परत आल्यावर तिने काही सांगितलं नाही. श्रियाने सांगितलं — "शी सेड शी विल थिंक. बट शी वॉज स्मायलिंग हीप्स." हीप्स म्हणजे भरपूर. विन्स रात्रीच्या जेवणाला थांबला. पोळी लाटली त्याने. नकाशा झाला. खाल्ली मी.

जेवताना मी सांगितलं, शार्दूल सहावीत असताना सायकलवरून कालव्यात कसा पडला ते. श्रिया म्हणाली, "अजून सांग." मराठीत!

निवेदिता मध्येच म्हणाली, "पण बाबा?"

मी तिच्या ताटात पोळी वाढली.

मंगळवार, ४

फोन नाही. चाळीस वर्षांत असं कधी केलं नाही त्यांनी. परतीची तारीख अलीकडे आणू का?

बुधवार, ५

दुपारी एकला ह्यांचा फोन. तिकडे पहाटेचे साडेपाच. आवाज बसलेला. म्हणाले, "तिथल्या व्हिसाचा फॉर्म कुठे मिळतो, निवेदिताला विचार." मी कागद-पेन शोधायला लागले. मग म्हणाले, "मुलीकडचे दोघंही हवेत ना."