साहेबानं दिलेली रजा

बा, नातवाची नेमणूक झाली. तीही आपल्याच गावावर. चकलांब्याच्या अलीकडं ओढ्याच्या वळणावरचं ते गाव, तिथं आता तो पाळक म्हणून जाणार. सकाळी ख्रिस्ती मंडळीचं पत्रक आलं, त्यानं ते ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि मी पीठ मळता मळता अशी हसत सुटले की सूनबाईला वाटलं म्हातारीला ठसका लागला. ती तांब्या घेऊन धावली. नातू म्हणतो, "आजी, आडगावी बदली झाली म्हणून लोक रडतात, तू हसतीस कावून?" मी म्हणलं, "हसू दे रे, दात हायेत तवर हसून घेते." सगळ्या आळीला गूळ वाटला मी. शेजारची म्हणाली, एवढा आनंद तर तुमच्या लग्नातसुद्धा झाला नसेल. तिचं काही खोटं नाही, लग्नात मला तापच होता.

तुला लिहायचं म्हणजे पंचाईत आहे. इथं बीडला आल्यावर दोन यत्ता झाल्या, तेवढ्यावरच सगळा संसार निघाला. पण अक्षरओळख तुझ्याचकडून झाली. दुसरी पोरं धुळीत ग म भ न गिरवायची आणि मी साहेबाच्या जुन्या पत्रकावर बोट ठेवून 'बदली' नि 'अहवाल' वाचायची. आई म्हणायची, "पोरगी पुढं साहेबीण होणार, पयल्यांदा माजीच बदली करील."

पत्रक महिन्याला यायचं. मिशनचा साहेब राहायचा तिकडं इंग्रजी हद्दीत, तू त्याचा उपदेशक, आपण इकडं निजामाच्या मोगलाईत. चकलांब्याचा उपदेशक ते वाचून आपल्याकडं आणून द्यायचा, तू वाचून पुढच्या गावाला धाडायचास. वरच्या अंगाला सगळा कारभार: कोण कुठं जायचं, बाप्तिस्म्याची नोंद कशी करायची, शाळेचा फळा कुणी घरी नेऊ नये, पावसात बैठकी बंद पडू देऊ नयेत. आणि खाली, थोडी जागा सोडून, धीराचे शब्द. वरचं तू नुसते ओठ हलवून वाचायचास. खालचं मात्र सांज झाली की लिंबाखाली बसून सगळ्यांना ऐकवायचास. तुझा आवाज त्या वेळी बदलायचा. बंधूंनो, एकट्या गावात राहणाऱ्याला वाटतं आपल्याला कुणी पाहत नाही, पण पाहणारा पाहतो, असलं काहीतरी असायचं. आत्या, म्हणजे वस्तीत सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतलेली म्हातारी, तुझी ना माझी पण सगळ्यांची आत्या, ती एकदा म्हणाली, "साहेब येवढं ग्वाड बोलतो, तर हिकडं येत कावून न्हाई?" तू म्हणालास, "तुज्या हातचं कोरड्यास खाल्लं की परत जावं वाटत न्हाई माणसाला, त्याचं भ्या वाटतं त्येला." आत्या महिनाभर तुझ्यावर खूश.

आता रजेचं सांगते. तू वाचायला शिकलास ते मिशनच्या शाळेत नाही, गेवराईच्या कचेरीत एका म्हाताऱ्या मुनशीजवळ, आज्जा तिथं हरकाम्या होता तेव्हा. म्हणून तुझी प्रार्थनासुद्धा कचेरीतली. "बापा, तुजी रजा" म्हणायचास. सभेत बाकीचे उपदेशक तुला हसायचे, इच्छा म्हणा मास्तर, इच्छा म्हणा. तू म्हणायचास, "आमच्या वस्तीत इच्छा म्हंजे खायाची इच्छा. रजा म्हंजे धन्याची मर्जी. मोगलाईतल्या माणसाला इचारा." आणि खरंच, आपल्याकडं कामावरून सुट्टी म्हणजे रुखसत. रजा म्हणजे मालक राजी झाला.

एका साली तुझी बदली धारूरकडं निघाली. वस्तीतल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून गावानं त्यांना कामावर बोलावणं सोडलं होतं, आणि तू त्यांना तोंड भरून सांगितलं होतंस, मी हाय न्हवं, मी कुटं जात न्हाई. बदली ऐकून आत्या चुलीपुढनं उठली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जा बाबा. तुमी जानारी मानसं. आमी काय, पुन्ना मरीआईच्या पाया पडू." तू त्याच दिवशी साहेबाला अर्ज लिहिलास, मला इथंच ठेवा म्हणून. महिनाभर तू नीट जेवला नाहीस. आई ताट वाढायची आणि तसंच उचलायची.

पुढच्या पत्रकात तुझी ओळ होती. मी शेजारीच बसले होते, बोट ठेवून वाचलीसुद्धा. सदर उपदेशकांची विनंती पाहून त्यांस पुढील महिन्यापासून रजा देण्यात आली आहे. तू उठून उभा राहिलास. "झालं! साहेबानं रजा दिली!" धावत आत्याकडं गेलास, धोतराचा सोगा मातीत लोळतोय, मागनं मी. तिनं तुझ्यावरनं हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आईनं होता नव्हता तो गूळ पाण्यात घातला आणि सगळ्यांना वाटीवाटी दिला. पोरं वाटी चाटत होती. तुला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

महिना सरला तशी एक बैलगाडी आपल्या दारात उभी राहिली. वर एक तरणा माणूस, त्याची पोटुशी बायको आणि पत्र्याची पेटी. तो खाली उतरला, तुला नमस्कार केला आणि बावरून म्हणाला, "मास्तर, तुम्ही अजून इथंच?"

"मग कुटं जाऊ? रजा मिळाली न्हवं मला."

"होय, म्हणून तर मला धाडलं."

बा, मी तेव्हा लहान, पण त्या दोघांची तोंडं मला आज या चुलीसमोर दिसतायत. दोघं एकमेकांकडं बघतायत आणि दोघांनाही वाटतंय समोरच्याचंच काहीतरी चुकतंय. आधी आईला कळलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं. इंग्रजी हद्दीत रजा म्हणजे घरी जा. बदली नको म्हणतो म्हणून साहेबानं तुला कामावरून काढलं होतं, आणि आपण गूळ वाटला होता. तो तरणा माणूस मान खाली घालून म्हणाला, मला ठाऊक नव्हतं हो. तू आईला म्हणालास, "पाव्हन्यास्नी पानी दे. बाई उनातनं आलीया." आणि गाडीवरची त्यांची पेटी तूच खांद्यावर घेतलीस.

घर मिशनचं, ते सोडावंच लागलं. आत्याच्या गोठ्याला लागून आडोसा केला, त्यात आपण तिघं. धारूरला जायचं तर नोकरीच उरली नव्हती, आणि आई माहेरी जाऊ म्हणाली तेव्हा तू नाही म्हणालास, वस्तीला शब्द दिला होतास. बांधावरच्या बोरी-बाभळी तोडायला जायचास. हातात काटे मोडायचे, रात्री आई सुईनं काढायची आणि त्या साहेबाचा उद्धार करायची. तू म्हणायचास, "त्येला कशाला बोलतीस. त्येनं त्येच्या बोलीत लिवलं, म्या माज्या बोलीत वाचलं." रविवारी तू सगळ्यांच्या मागं, दाराजवळ पोत्यावर बसायचास. तो नवा माणूस वाईट नव्हता. पत्रकातले धीराचे शब्द वाचायची वेळ आली की तो तुझ्याकडं बघायचा, वाचता का म्हणून. तू मान खाली घालायचास. लोक तुला मास्तरच म्हणत राहिले, पण तू ओ द्यायचा बंद झालास.

मग गाठीचा ताप आला. उंदीर पडायला लागले, गाव रानात झोपड्या घालून राहायला गेलं. पत्रक आलं की उपदेशकांनी बायकापोरांसह मिशनच्या ठाण्यावर निघून यावं. तो निघाला, ओली बाळंतीण घरात, निघणार नाही तर काय करील. तू त्याची पेटी पुन्हा गाडीवर चढवलीस. जाताना तो म्हणाला, मास्तर, तुम्हीही चला. तू म्हणालास, "मला कुनी बोलीवलं न्हाई." ते खरंच होतं. त्या पत्रकात तुझ्यासाठी ओळच नव्हती, ना जा म्हणणारी, ना राहा म्हणणारी. मग वस्तीतल्या आजाऱ्यांना पाणी पाजायला, मेलेल्यांना मूठमाती द्यायला तूच. त्या दिवसांत लोकांनी हाक मारली की तू ओ द्यायचास. शेवटी तुझ्याच काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी आत्यानं तुझ्या तोंडात पाणी घातलं, मला आणि आईला दाराच्या आत येऊ दिलं नाही. ओढ्याच्या काठाला, वस्तीतल्या बाकीच्यांशेजारी तुला ठेवलं. तो ताप ओसरल्यावर आई मला घेऊन चालत बीडला आली, वाटेत एकदा खाली बसली ती उठेचना. तिला मी उठवलं. त्यानंतर त्या गावाचं नाव घरात कुणी काढलं नाही. माझ्या पोरांनाही ठाऊक नाही, नातवाला तर नाहीच. त्याला वाटतं आजीचं माहेर तिकडं कुठंतरी होतं.

तो परवा निघणार. मीही जाणार, हट्टच धरला मी. लेक ओरडला, या वयात गाडीतनं हाडं मोडतील. मी म्हणलं, पोराचं लग्न व्हायचंय अजून, त्याला भाकरी कोण करून घालील, चार महिने राहते नि येते. लुगडी बांधली, जातं राहू दे म्हणलं, तिथं कुणाचं तरी असेल. सूनबाई म्हणते, सासूबाई, दिवाळीला परत या हां. मी हो म्हणलं.

बा, मी परत यायची नाही. स्वैपाकाचं हे सांगायला झालं, मला ओढ्याच्या काठाला तुझ्याजवळ जागा पाहिजे. हे कळलं तर पोरं मला दारातनं हलू द्यायची नाहीत, आणि सूनबाई घरात काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहत नाही. म्हणून भाकरी टाकायच्या आधी हा कागद चुलीत घालते.