श्राद्धाला बटाटा

२ फेब्रु., सोम.
वन्सं शहाडहून आल्या, गुरुजींची यादी घेऊन. ह्यांचं वर्षश्राद्ध रविवारी. भोपळा, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, वडे, खीर. मिरचीऐवजी मिरं. बटाटा, टोमॅटो नाही. "परदेशी भाज्या श्राद्धाला चालत नाहीत गं." बरं म्हटलं. वर्षभर सगळ्यांना 'बरं' एवढंच म्हणतेय.

३ फेब्रु.
वन्संना सांगितलं नाही ते इथे. हॉस्पिटलात हे म्हणाले होते, "माझ्या श्राद्धाला कारलं नको हं. बटाट्याची पिवळी भाजी कर. बिचारा पेरू देशातून समुद्र ओलांडून आलाय, वर यायला त्याला काय लागतंय!" मी म्हटलं, "गप्प बसा. अभद्र बोलू नका." हो म्हटलंच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणायला माणूस नव्हता.
तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र. घरी ताटावरही तास. मिरची पोर्तुगीजांनी आणली, साबुदाण्याचा कंद ब्राझीलचा, शेंगदाणाही तिकडचाच. "ताई, तुझी एकादशी म्हणजे दक्षिण अमेरिकेची सहल," असं वन्संना चिडवायचे. इतका वैताग यायचा मला! आमटी निवून जायची.

५ फेब्रु.
निखिलला ठाण्याला फोन. "आई, तू म्हणशील तसं." घ्या! मुलगाही माझ्यावर टाकून मोकळा.
बाजार. भोपळा, गवार, कारलं. किलोभर बटाटेही घेतले. भाजीवाली म्हणाली, "काकी, खूप दिवसांनी." हो म्हटलं. रडू अजून नाही. वर्ष झालं. काहीच होत नाही.

६ फेब्रु.
वन्सं मदतीला आल्या, पिशवी बघितली. "सुमन, हे कशाला? लोक काय म्हणतील!" तोंड सुटलं माझं. "बटाटा एकादशीला देवाला चालतो, मग ह्यांना का नाही? आणि गुरुजींचा तो लाल भोपळा, तोही अमेरिकेचाच." ह्यांचंच वाक्य, माझ्या तोंडून.
वन्सं म्हणाल्या, "तोही असंच डोकं खायचा." पदराने डोळे पुसत राहिल्या. मी गवार निवडत बसले. त्यांना जवळ घ्यायला हवं होतं, कळत होतं.

८ फेब्रु., रवि.
केली पिवळी भाजी. मिरच्या घालून. नैवेद्याचं चाखायचं नसतं, तशीच वाढली. कारलं-भोपळाही केला, वन्संसाठी. गुरुजींनी पान बघितलं, पुढचा मंत्र सुरू केला.
पंगत झाली. निखिलने भाजी दोनदा घेतली. वन्सं म्हणाल्या, "छान झालीय गं."
मी शेवटी बसले. पहिला घास. मीठच नाही भाजीत! एवढी माणसं जेवून उठली, एकाने चकार शब्द काढला नाही. हे असते तर पहिल्याच घासाला ओरडले असते.
मीठ आणायला उठले नाही. तशीच खाल्ली, सगळी.